इंग्रजीच्या तासानंतरची आंघोळ

मुलगी सातवी-आठवीत गेली की इंग्रजीच्या वहीत नवी मंडळी दिसू लागतात. आतापर्यंत सरळ शब्दार्थ असायचे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, पाठ करा आणि मोकळे व्हा. आता मात्र सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, अ‍ॅलिटरेशन, ओनोमॅटोपिया... या शेवटच्या शब्दाचं स्पेलिंग तर पाठ करणाऱ्या मुलीच्या आणि पाठ घेणाऱ्या आईच्या, दोघींच्याही डोळ्यांत पाणी आणतं. मग आई वही मिटते आणि म्हणते, हे आपल्या आवाक्यातलं नाही बाई, क्लास लावू या.

मैत्रिणींनो, क्लास जरूर लावा, पण वही मिटू नका. सिमिली म्हणजे उपमा (नाश्त्याचा नव्हे हं!). एखादी गोष्ट दुसरीसारखी आहे असं म्हटलं की झाली सिमिली. ‘सारखी’ न म्हणता तीच आहे म्हटलं की मेटॅफर, आपलं रूपक. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आणून नाद साधला की अ‍ॅलिटरेशन, म्हणजे अनुप्रास. आणि निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवलं की पर्सॉनिफिकेशन, मराठीच्या पुस्तकातली चेतनगुणोक्ती. आता सांगा, जात्यावर बसून जात्यालाच देव म्हणून हाक मारणाऱ्या, त्याला माहेरची खुशाली सांगणाऱ्या आपल्या आज्यांना ही चेतनगुणोक्ती कुणी शिकवली होती? हळदी-कुंकवाला उखाणा घेताना यमक जुळवायला आपण कुठल्या क्लासला गेलो होतो? वस्तू घरातलीच आहे, नाव तेवढं परकं आहे.

आपल्या सोलापुरात तर परकं आणि आपलं हा हिशोब आणखी गमतीचा. पूर्व भागातल्या विणकराच्या घरात मुलगी तेलुगूत जेवण मागते, शाळेत मराठीत उत्तर देते, शेजारच्या काकूंशी कन्नडमध्ये दोन शब्द बोलते, बाजारात हिंदी-उर्दू कानावर पडते. इंग्रजी तिच्या वाट्याला येते ती तिसरी-चौथी भाषा म्हणून. आई विड्या वळता वळता तिचं पाठांतर ऐकते. आईला इंग्रजी येत नसलं तरी मुलगी कुठे अडखळली हे तिला बरोबर कळतं!

याच गावात सेवासदन नावाची मुलींची शाळा आहे. नाव सगळ्यांच्या तोंडात आहे, पण त्या नावामागे कोण उभं आहे हे किती जणींना ठाऊक असेल? पुण्याच्या सेवासदनची शाखा म्हणून सोलापूरचं सेवासदन सुरू झालं, आणि पुण्याचं सेवासदन उभं राहिलं रमाबाई रानडे यांच्या घरात. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागली तेव्हा परकर-पोलक्यातली छोटी यमुना आपण सगळ्यांनी कौतुकाने पाहिली. मालिकेत गोड दिसणारा तो अभ्यास प्रत्यक्षात किती कडू होता, त्याची ही गोष्ट.

यमुना कुर्लेकर १८६२ साली देवराष्ट्रे इथे जन्मली. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येतं. त्या काळच्या चांगल्या घरांत मुलींना अक्षरओळख देत नसत. बाई लिहा-वाचायला शिकली की तिचं कुंकू पुसलं जातं, अशी पक्की समजूत होती. म्हणजे पाटी हातात घेणं हे नुसतं वायफळ काम नव्हतं, नवऱ्याच्या जिवाशी खेळ होता. आज आपल्याला हसू येतं, पण ज्या बाईला हे लहानपणापासून ऐकवलं गेलं तिच्या पोटात पहिलं अक्षर गिरवताना काय गोळा आला असेल!

१८७३ च्या डिसेंबरात अकरा वर्षांच्या यमुनेचं लग्न झालं आणि ती रमा झाली. नवरा होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वय एकतीस. पहिली पत्नी सखूबाई नुकत्याच वारलेल्या. रानडे विधवाविवाहाचे पुढारी, तेव्हा ते आता एखाद्या विधवेशीच लग्न करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी त्यांना नावं ठेवली, आणि ती ठेवण्यासारखीच गोष्ट होती. त्यांच्या थोरवीबद्दल शंका नाही, पण म्हणून हे झाकायचं कारण नाही.

लग्नानंतर लगेच रानड्यांनी नव्या नवरीच्या हातात पाटी दिली. दिवसभर घरकाम, रात्री धुळाक्षरं. आधी नवरा शिकवी, मग ट्रेनिंग कॉलेजातल्या शिक्षिका घरी येऊ लागल्या. मराठी वाचन, गणित, भूगोल, इतिहास असं करत पोरगी झपाट्याने पुढे गेली.

आणि इथेच घरात ठिणगी पडली. रानड्यांचं घर भरलेलं. सासूबाई, नणंद, नात्यातल्या आणखी कितीतरी बायका. त्यांतल्या काही विधवा, आयुष्यभर चुलीपाशी खपलेल्या, कुणी दोन अक्षरं शिकवण्याची तसदी न घेतलेल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत कालची पोर माडीवर जाऊन नवऱ्यासमोर पुस्तक उघडून बसते, हे त्यांना कसं सोसावं? रानड्यांना कुणी काही बोलू शकत नव्हतं. ते कर्ते पुरुष, वर सरकारी न्यायाधीश. मग सगळा राग सुनेवर निघे. टोमणे, अबोला, मुद्दाम कामाचा भार वाढवणं, सगळे प्रकार झाले. पुस्तकामुळे सून हाताबाहेर जाणार, नवऱ्याच्या पाठबळाने डोक्यावर बसणार, ही भीती त्यामागे होती. या बायकांना खलनायिका करणं सोपं आहे. मालिकांना ते फार आवडतं. मला मात्र त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. ज्याची त्यांना सगळ्यात जास्त भूक होती तेच ताट त्यांच्यासमोरून दुसरीसाठी नेलं जात होतं.

रानडे काय करत? ते रमाबाईंना सोसायला सांगत. मोठ्यांना उलट बोलू नये, मन शांत ठेवावं आणि अभ्यास सोडू नये. उपदेश चांगला आहे, पण सोसायचं एकटीने! बाहेर सभा गाजवणारा हा माणूस घरातल्या बायकांना दोन शब्द समजुतीचे सांगू शकला असता, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

१८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली, पुढच्या वर्षी धुळ्याला. नोकरीतली बदली म्हणजे बायकांना उसाभरी, पण रमाबाईंना त्या बदल्यांनी पुण्याच्या घरातल्या कुरबुरींपासून सुटका दिली. या काळात वाचनाला आणि इंग्रजीला मोकळीक मिळाली. नाशिकच्या शाळेत समारंभाच्या निमित्ताने त्या लोकांसमोर पहिल्यांदा बोलल्या. भाषण रानड्यांनी लिहून दिलेलं होतं. पहिलं भाषण कुणीतरी लिहूनच देतं म्हणा.

पुण्याला परत आल्यावर रमाबाईंना इंग्रजी शिकवायला मिस हर्फर्ड नावाच्या बाई येऊ लागल्या. या बाई ख्रिस्ती, मिशनच्या कामातल्या. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनीही इंग्रजीचे धडे याच बाईंकडे घेतले. परधर्माची बाई जवळ बसून शिकवते म्हणजे विटाळ होणारच! तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी नियम केला. इंग्रजीचा तास संपला की रमाबाईंनी आंघोळ करायची, लुगडं बदलायचं, मगच स्वयंपाकघराला आणि इतरांना शिवायचं. थंडी असो, पाऊस असो. या अवेळच्या आंघोळींनी शेवटी त्या आजारी पडल्या, अंगात ताप भरला.

जरा विचार करा. शब्द पाठ करायचे, आणि मग ते अंगावरून धुऊन टाकायचे. आज आपल्या मुलींना इंग्रजीचा तास नकोसा वाटतो कारण स्पेलिंग अवघड असतं. रमाबाईंना तास संपल्यावरची विहिरीची घागर अवघड होती. पण पाणी अंगावर घेतल्याने शब्द थोडेच वाहून जातात? दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक, पुन्हा तास, पुन्हा आंघोळ.

१८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघावं म्हणून मंडळींचे प्रयत्न चालले होते. आजची हुजूरपागा ती हीच. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर पुण्यात सभा भरली आणि या शाळेची मागणी करणारं इंग्रजी निवेदन वाचलं बावीस वर्षांच्या रमाबाईंनी. गोऱ्या साहेबांसमोर, पुरुषांनी भरलेल्या सभेत, नऊवारी नेसलेली एक तरुण बाई खणखणीत इंग्रजी वाचते, हे दृश्य त्या काळच्या पुण्याने कधी पाहिलं नव्हतं. मजकूर रानड्यांनी तयार केला होता, पण प्रत्येक शब्दाचा उच्चार, कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा, हे सगळं त्या अकरा वर्षांच्या मेहनतीतून आलं होतं.

सभेत टाळ्या, घरी पाठीवर शब्दांचे वळ! घरातल्या बायकांनी त्यांना बोलून बोलून नको केलं. पुरुषांच्या सभेत बाईमाणसाने इंग्रजी वाचावं, म्हणजे लाज सोडल्याचं लक्षण. त्याच वर्षी सप्टेंबरात मुलींचं हायस्कूल सुरू झालं. ज्या शाळेसाठी आपण घरात बोलणी खाल्ली तिथे मुली जाऊन बसल्या, हे त्यांना पाहायला मिळालं. एवढंही समाधान त्या काळच्या किती बायकांच्या वाट्याला आलं असेल?

आता एक गंमत सांगते, कारण हा सगळा अभ्यास रडतखडतच झाला असं नाही. १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी रानड्यांना कलकत्त्याला राहावं लागलं, रमाबाई बरोबर होत्या. ज्या गावात राहतो तिथली भाषा वाचता येऊ नये, हे रानड्यांना चैन पडू देईना. त्यांनी बंगालीची पुस्तकं आणली आणि स्वतः शिकून बायकोला शिकवायला घेतलं. पण अडलेल्या शब्दाचं काय? एकदा न्हावी दाढी करत होता, आणि न्यायमूर्ती पुस्तक हातात धरून त्यालाच अक्षरं आणि उच्चार विचारत होते. न्हावी मोठ्या उत्साहाने सांगत होता. आत रमाबाईंना हसू आवरेना. मास्तर चांगले मिळाले म्हणून त्यांनी नवऱ्याची थट्टा केली, तर रानड्यांनी दत्तगुरूंचे चोवीस गुरू काढले. ज्याच्याकडून शिकता येईल तो गुरू, त्यात लाज कसली! तिथल्या मुक्कामात रमाबाई बंगाली वाचू लागल्या.

हे वाचताना मला पूर्व भागातल्या गल्ल्या आठवतात. सोलापूरची पोरं तेलुगू कुणाकडून शिकतात? कन्नड कुणाकडून? दुकानदाराकडून, भाजीवालीकडून, खेळगड्याकडून. चुकलं तर हसतात आणि पुन्हा बोलतात. इंग्रजीच्या बाबतीतच आपण चुकायला का घाबरतो कोण जाणे. कदाचित ती साहेबाची भाषा म्हणून घरात आली, न्हाव्याची म्हणून आली असती तर पटकन शिकलो असतो!

रमाबाईंच्या इंग्रजीला घरातच रोजचं कामही होतं. रानड्यांची नजर अधू होती. वर्तमानपत्रं, पुस्तकं, टपाल दुसऱ्याने वाचून दाखवावं लागे. रमाबाई वाचत, ते ऐकत, मग त्यावर दोघांचं बोलणं होई. आपल्या मुली शब्द पाठ करून परीक्षेनंतर विसरतात, कारण तो शब्द पुन्हा लागतच नाही. रमाबाईंना तो दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात भेटे. शिकलेलं टिकलं ते असं, वापरून.

पुढे १८९३ मध्ये रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथे रमाबाईंनी प्रार्थना समाजात, आर्य महिला समाजात काम केलं, हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला. नावातच ‘लिटररी’ म्हणजे साहित्य आहे, बघा. पण क्लबात भाषांचे वर्ग चालत तसेच शिवणकामाचेही चालत. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. नुसत्या साहित्याला घरून परवानगी मिळाली नसती, शिवणाला मिळे!

१९०१ च्या जानेवारीत रानडे गेले. रमाबाई अडतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. पोटी मूल नव्हतं. पुण्याच्या जुन्या घरी परतून वर्षभर त्या जवळजवळ कुणालाच भेटल्या नाहीत. आणि मनात येतं, लहानपणी ऐकलेली ती समजूत, शिकणाऱ्या बाईचं कुंकू पुसलं जातं ही, त्या वर्षभरात किती जणींनी कुजबुजून घेतली असेल!

पण खरी रमाबाई दिसते ती यानंतर. आतापर्यंत भाषण लिहून देणारा, पुस्तक निवडून देणारा माणूस पाठीशी होता. आता नव्हता. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी त्या बसल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या बायका कैद्यांना भेटत. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्याचं सेवासदन सुरू झालं, तेही त्यांच्या राहत्या घरात. ज्या वास्तूत तासानंतर आंघोळ करायला लावली गेली त्या कुटुंबाच्या दारातून आता परक्या, विधवा, टाकलेल्या बायका पाटी घेऊन आत येऊ लागल्या. पंचविशीतल्या, तिशीतल्या. कुणी अक्षरओळखीपासून सुरुवात करायची, कुणी शिक्षिका व्हायची, कुणी नर्स. नर्सिंग म्हणजे परक्याच्या अंगाला हात लावायचा, विटाळाची कामं करायची. चांगल्या घरच्या बायकांनी हे करायचं म्हणताच पुण्यात काय गदारोळ झाला असेल याची कल्पना करा. रमाबाईंना विटाळाची सवय होती.

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा कमी, तेव्हा आधी मुलग्यांना सक्ती करू, मुलींचं मागाहून बघू, असा विचार मोठमोठी मंडळी मांडत होती. तेव्हा साठीला टेकलेल्या रमाबाई बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. बायकांच्या मताच्या हक्कासाठीही त्या त्याच सुमारास झगडत होत्या. १९२४ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. तोवर सेवासदनच्या शाखा गावोगावी निघू लागल्या होत्या. त्यातली एक आपल्या सोलापुरातली, जिच्या वर्गात आज मुली सिमिली आणि मेटॅफर पाठ करतात.

रमाबाईंनी एक पुस्तक लिहिलं, ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’. ते १९१० साली आलं. इंग्रजी एवढं हाती असूनही लिहिलं मराठीत, आणि लिहिलं स्वतःपेक्षा नवऱ्याबद्दल जास्त. मिळालं तर जरूर वाचा, भाषा जुनी आहे पण बोलल्यासारखी आहे. त्यात एक मजा आहे. जुन्या वळणाच्या बाईप्रमाणे त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ‘स्वतः’ असं म्हणतात. ‘स्वतः’ना हे आवडलं नाही, ‘स्वतः’ बाहेर गेले, असं. नाव टाळून आडवळणाने सांगण्याची ही कला आपल्याकडे उखाण्यापासून चालत आली आहे, आणि साहित्याच्या पुस्तकात तिलाही अलंकारात जागा आहे.

पण इंग्रजीत हे कसं न्यायचं? कॅथरीन गेट्स या बाईंनी १९३८ मध्ये या आठवणी इंग्रजीत आणल्या तेव्हा हा पेच त्यांच्यासमोर आला असणार. त्यांनी तो शब्द सरळ उचलला आणि पुस्तकाचं नावच ठेवलं, ‘हिमसेल्फ’. पुढे १९६३ मध्ये कुसुमावती देशपांडे यांनी केलेला अनुवाद आला, त्याच्या नावात मात्र ‘रानडे’ असं चक्क नाव आहे आणि त्या त्यांच्या पत्नीच्या आठवणी आहेत असं म्हटलं आहे. एकाच पुस्तकाची ही दोन इंग्रजी नावं. रमाबाईंचं नाव दोन्ही मथळ्यांत नाही.